नांदुरमध्यमेश्वर : देवालय, बंधारा आणि द्राक्षमळे

शेतकऱ्यानें घर सोडून परगांवीं जावें तें एक तर यात्रेस किंवा बाजारास, अशी आपल्याकडील जुनी वहिवाट आहे. यात्रेकरू देवदर्शन घेऊन परततो आणि बाजारास गेलेला भाव ऐकून परततो. पण ज्या गांवीं जुनें देवालय, पाटबंधाऱ्याचें मोठें काम आणि उत्तम बागाईत हीं तिन्ही एकाच नदीच्या आश्रयानें नांदतांना दिसतात, त्या गांवीं एक दिवस घालविला असतां देवदर्शन तर घडतेंच, शिवाय आपल्या धंद्यांतील एक मोठा धडाही पदरांत पडतो. नाशिक जिल्ह्यांतील निफाड तालुक्यांतलें नांदुरमध्यमेश्वर हें असें गांव आहे. तेथें काय पाहावें, कोणत्या क्रमानें पाहावें आणि पाहतांना कोणती गोष्ट ध्यानांत धरावी, हें आपल्या मासिकाच्या वाचकांस सांगावें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

ध्यानांत धरावयाची ती गोष्ट म्हणजे गाळ. पाणी अडविलें म्हणजे माती अडते, आणि अडलेली माती कोणाच्या तरी शेतांतून आलेली असते. ही साधी गोष्ट नांदुरमध्यमेश्वरीं जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच दुसरीकडे दिसेल.

गांवाचें स्थान

गोदावरी त्र्यंबकेश्वरीं ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि नाशिक शहरावरून पूर्वेकडे निफाड तालुक्यांत येते. वाटेंत तिला इगतपुरीच्या घाटमाथ्याकडून आलेली दारणा मिळते. उत्तरेकडे दिंडोरीच्या डोंगराळ मुलुखांतून निघालेली कादवा पालखेड व निफाड यांवरून खालीं उतरते. गोदावरी आणि कादवा यांचा संगम ज्या ठिकाणीं होतो तेंच नांदुरमध्यमेश्वर. नाशिकापासून हें ठिकाण रस्त्यानें सुमारें ४० किलोमीटर आहे. आगगाडीनें येणाऱ्यास निफाड स्टेशन सोईचें.

नांदूर या नांवाचीं गांवें या भागांत अनेक आहेत. सिन्नर तालुक्यांत नांदूर शिंगोटें आहे, नाशिक शहरालगतही एक नांदूर आहे. एकाच नांवाचीं दोन गांवें आलीं म्हणजे दप्तरांत घोटाळा होतो, हें ज्यानें महसूल खात्यांत कारकुनी केली आहे त्यास निराळें सांगावयास नको. लोकांनीं मात्र हा घोटाळा सरकारी खुणेवांचून मिटविला. गांवच्या दैवताचें नांव गांवाच्या नांवास जोडलें आणि ज्या नांदुरास मध्यमेश्वर आहे तें नांदुरमध्यमेश्वर झालें.

देवालयें आणि जुन्या वास्तू

मध्यमेश्वर हें महादेवाचें स्थान असून नदीच्या सान्निध्यानें त्यास मोठी शोभा आली आहे. याच गांवीं मृगव्याधेश्वर नांवाचें दुसरें शिवालय आहे. नांवाचा अर्थ उघड आहे. पंचवटी येथून वरच्या अंगास असल्यामुळें कांचनमृगाच्या मागें निघालेल्या रामचंद्राची कथा या कांठच्या लोकांनीं आपल्या देवस्थानाशीं जोडली आहे. गोदावरीकांठीं अशीं कथेनें बांधलेलीं स्थळें बरींच आहेत. त्यांच्या खरेखोटेपणाचा वाद घालण्यापेक्षां, नदीकांठच्या लोकांनीं आपली भूमि रामकथेच्या आधारें ओळखीची करून घेतली, एवढें ध्यानांत घेतलें तरी पुरे.

काळ्या पाषाणाचें, चुन्यावांचून बसविलेल्या चिऱ्यांचें कोणतेंही देऊळ दिसलें कीं आपण त्यास हेमाडपंती म्हणतों. हा शब्द जपून वापरावा. हेमाद्रि पंडित हा देवगिरीच्या महादेव व रामचंद्र यादवांचा मंत्री. त्याचा काळ इसवी सनाचें तेरावें शतक. पण अशा बांधणीचीं कित्येक देवळें त्याच्या आधींचीं आहेत. याचा उत्तम दाखला पाहावयाचा असल्यास नांदुराच्या नैऋत्येस सिन्नर येथें गोंदेश्वराचें देवालय अवश्य पाहावें. सिन्नर ही यादवांची आरंभींची राजधानी. गोंदेश्वराचें देऊळ शैव पंचायतन आहे. मधोमध महादेव आणि चारी कोपऱ्यांस चार लहान देवळें, समोर नंदीचा मंडप आणि भोंवतीं प्रशस्त आवार, अशी त्याची रचना आहे. भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं असल्यामुळें तें आजही नीट राहिलें आहे.

शेतकऱ्यानें या देवळांचे थर बारकाईनें पाहावे. घडीव दगड एकावर एक असे बसविलेले असतात कीं, वरचें ओझेंच खालच्या सांध्यास घट्ट धरतें. याच्या टिकाऊपणाची परीक्षा नदीनेंच घेतली आहे. नांदुराच्या वरच्या अंगास चांदोरी गांव आहे. तेथें गोदावरीच्या पात्रांतच जुनीं दगडी देवळें आहेत. खालीं बंधारा झाल्यापासून तीं बहुतेक काळ पाण्यांत असतात. उन्हाळ्यांत पात्रांतील पाणी फार उतरलें तरच तीं उघडीं पडतात आणि तेव्हां दुरून दुरून लोक पाहावयास येतात. शंभर वर्षांहून अधिक काळ पाण्यांत राहूनही तीं उभीं आहेत. त्यांच्या पायाशीं मात्र गाळ साचला आहे.

हाच मुलूख पेशवाईंतही मोठ्या घराण्यांचा होता. पेशव्यांचे दिल्ली दरबारचे वकील हिंगणे यांचें घराणें चांदोरीशीं निगडित आहे आणि त्यांचा पत्रव्यवहार ‘हिंगणे दप्तर’ या नांवानें इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. निफाडाच्या पूर्वेस विंचूर. तें १७६१ च्या पानिपताच्या रणांतून परत आलेले सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांच्या घराण्याचें ठिकाण. जुने वाडे, घाट, बारवा पाहण्याची आवड असणाऱ्यास या बाजूस एक दिवस अपुरा पडेल.

बंधारा : त्याचें काम काय ?

आतां मुख्य विषयाकडे वळूं. १८७६ ते १८७८ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनीं दख्खनची दैना केली, तेव्हां अवर्षणाच्या पट्ट्यास कालव्यांचें पाणी देऊन दुष्काळाचें निवारण करावें हा विचार बळावला. १९०१ ते १९०३ या काळांत बसलेल्या पाटबंधारे कमिशनानें अशा संरक्षक कामांवर भर दिला. गोदावरी कालव्यांचें काम त्याच सुमाराचें. १९०७ च्या सुमारास संगमाजवळ बंधाऱ्याचें काम हातीं घेण्यांत आलें आणि त्याच्या दोन्ही अंगांनीं डावा व उजवा असे दोन कालवे काढण्यांत आले.

बंधारा आणि धरण यांत फरक आहे, तो पुष्कळांस ठाऊक नसतो. धरण पाण्याचा सांठा करितें. बंधारा सांठा करण्यासाठीं नसून नदीचें पाणी कालव्याच्या तोंडापर्यंत उंच उचलून देण्यासाठीं असतो. नांदुरमध्यमेश्वरचें काम दुसऱ्या प्रकारचें आहे. सांठ्याचें काम इगतपुरी तालुक्यांतील दारणा धरण करितें. तें १९१६ सालचें. घाटमाथ्यावर पडलेला पाऊस तेथें अडवावयाचा, पुढें गरजेप्रमाणें नदींत सोडावयाचा, नदीनेंच तो नांदुरापर्यंत आणावयाचा आणि बंधाऱ्यावर उचलून कालव्यांतून कोपरगांव-राहात्याच्या अवर्षणग्रस्त जमिनीस द्यावयाचा, अशी ही योजना. नदीचाच पाट म्हणून उपयोग केल्यामुळें कित्येक मैलांचा कालवा वांचला. पुढें १९६५ सालीं गोदावरीवर गंगापूर धरण पुरें झालें, कादवेवर पालखेड झालें, आणि नांदुरमध्यमेश्वरहून निघणाऱ्या जलद कालव्यानें छत्रपति संभाजीनगर जिल्ह्यांतील वैजापूर व गंगापूर या तालुक्यांसही पाणी मिळूं लागलें. बंधाऱ्यावरून खालीं जाणारें पाणी जायकवाडीच्या जलाशयास मिळतें. पावसाळ्यांत वर्तमानपत्रांतून नांदुरमध्यमेश्वरच्या विसर्गाचा आंकडा रोज छापला जातो तो याचमुळें.

बंधाऱ्यावर उभें राहून कालव्याच्या तोंडाकडे पाहिलें म्हणजे नमुना ७ चा पाणी-अर्ज, आवर्तनाची तारीख आणि पाणीपट्टीची बाकी या रोजच्या कटकटींमागें केवढी यंत्रणा उभी आहे तें समजतें. शेवटच्या चारीवरील शेतकऱ्यास पाणी उशिरां कां पोंचतें, हेंही येथेंच समजतें. कारण त्याच्या शेतांत येणारें पाणी इगतपुरीहून निघालेलें असतें. आणि ज्यांस पाणी मुबलक मिळालें त्यांनींही एक धडा येथून घ्यावा. दख्खनच्या कालव्यांखालीं उंसास बेसुमार पाणी दिल्यामुळें निचरा बिघडून पुष्कळ काळ्या जमिनी चिबड व खारवट झाल्या. उणें पाणी पीक मारतें, पण अधिक पाणी जमीनच मारतें.

गाळाचें सरोवर आणि पांखरें

वाहत्या पाण्यांत माती तरंगत राहते ती पाण्याच्या वेगामुळें. बंधाऱ्याशीं वेग मंदावला कीं जड वाळू आधीं, मग पोयटा आणि शेवटीं चिकणमाती, या क्रमानें माती तळाशीं बसते. पावसाळ्यांतील गढूळ पाणी वर्षानुवर्षें असें निवळत गेलें आणि बंधाऱ्यामागें गाळाचीं बेटें, उथळ डबकीं व पाणवनस्पतींचे गालिचे तयार झाले. पाटबंधाऱ्याच्या दृष्टीनें ही हानि. सांठा कमी झाला. पांखरांच्या दृष्टीनें मात्र ही पर्वणी ठरली. उथळ पाणी, भरपूर शेवाळ, मासळी व किडे, आणि बसावयास निर्धास्त बेट, एवढें मिळाल्यावर पाणपक्ष्यांस आणखी काय पाहिजे ?

हिंवाळ्यांत उत्तरेकडून बदकांचे थवे येतात. चक्रवाक, क्रौंच, वारकरी, चमचा, कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी, नाना जातींचे बगळे व बलाक येथें एकाच सकाळीं दृष्टीस पडतात. पक्ष्यांच्या २४० हून अधिक जातींची येथें नोंद झाली आहे. १९८६ सालीं शासनानें हें अभयारण्य म्हणून घोषित केलें. पाणथळ जागांच्या रक्षणाचा जो आंतरराष्ट्रीय करार इराणांतील रामसर येथें १९७१ सालीं झाला, त्याच्या यादींत १,४३७ हेक्टरांचें हें क्षेत्र दाखल झाल्याचें जानेवारी २०२० मध्यें जाहीर झालें. महाराष्ट्रांतील हें पहिलें रामसर स्थळ होय. देवळाली परिसराच्या नांवानें ओळखली जाणारी एक अत्यंत दुर्मिळ लहान मासळीही या पाण्यांत आढळते.

पांखरें पाहण्यासाठीं खानगांव थडी, चापडगांव व मांजरगांव या गांवांच्या बाजूनें जावें. तेथें मनुष्यांनीं केलेलें सरोवर असून तें करावें असा कोणाचाच हेतु नव्हता, हें लक्षांत घेऊन पाहिलें म्हणजे मौज वाटते.

त्याच गाळाची दुसरी बाजू

पण या चित्राची दुसरी बाजू पाहिल्यावांचून परत फिरणें हा नदीकांठच्या बांधवांशीं अन्याय होईल. पात्र गाळानें भरलें म्हणजे पुराचें पाणी मावण्यास जागा उरत नाहीं. २ ऑगस्ट २०१६ रोजीं आणि पुन्हा ऑगस्ट २०१९ मध्यें गोदावरीस महापूर आला तेव्हां सायखेडें व चांदोरी या गांवांत घराघरांत व दुकानांत पाणी शिरलें आणि उभीं पिकें गेलीं. याचें सर्व खापर एकट्या गाळावर फोडतां येणार नाहीं. घाटमाथ्यावर एकदम झालेली वृष्टि, दारणा व गंगापूर या दोन्ही बाजूंचा विसर्ग एकाच वेळीं येणें, आणि वरच्या भागांत पात्राचा झालेला संकोच, हीं कारणेंही आहेतच. तथापि बंधाऱ्यामागील गाळ काढावा व पाणी लवकर निघून जाण्याची तजवीज व्हावी, ही या गांवांची मागणी पुष्कळ वर्षांची आहे आणि ज्याचें घर बुडालें त्याची मागणी गैरवाजवी म्हणतां येत नाहीं. दुसऱ्या पक्षीं सर्वच गाळ उपसला तर पांखरांचें आश्रयस्थान नाहींसें होईल, आणि वरून येणारी माती बंद झाली नाहीं तर उपसलेली जागा पुन्हा भरेल. दोन्ही बाजूंचें म्हणणें खरें आहे, म्हणून हा प्रश्न सोपा नाहीं.

महसूल खात्यांत असतांना पुराचे पंचनामे लिहिण्याचें काम मीं पुष्कळ वर्षें केलें. नुकसानभरपाईच्या नियमांत शेतजमिनीपुरते दोन निराळे प्रकार आहेत. एक, खरडून किंवा वाहून गेलेली जमीन; दुसरा, तीन इंचांहून जाड गाळ साचलेली जमीन. दोन्हींसाठीं मदतीचे दर ठरलेले असतात आणि कारकून दोन निराळ्या रकान्यांत दोन निराळीं नांवें लिहितो. पण विचार केला तर एका रकान्यांत जें वजा झालें तेंच दुसऱ्या रकान्यांत जमा झालेलें असतें. एकाची माती गेली ती दुसऱ्याच्या उभ्या पिकावर येऊन बसली. दोघेही दाद मागावयास तहशिलींत आले, आणि माती मात्र दोघांसही उपयोगी पडली नाहीं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ यांत मळईच्या आणि वाहून गेलेल्या जमिनीविषयीं कलमें आहेत. नदी जमीन देते व नेते हें कायदाही जाणतो. नदीनें जी नेऊं नये ती आपण बांधावर राखावी, हें मात्र कायद्याचें काम नाहीं. तें खातेदाराचें आहे.

पाण्याबरोबर मातीच येते असें नाहीं. शेतांतील खतांचा अंश व शहराचें सांडपाणी हीं नदींत उतरतात आणि त्यांच्या जोरावर पाणवेली पात्रभर माजते. चांदोरी-सायखेड्याच्या पुलावरून कित्येक वेळां नदी न दिसतां नुसतें हिरवें कुरणच दिसतें. आपण विकत घेतलेलें खत पाणवेलीस पोसीत आहे, हें दृश्य हिशेबी मनुष्यास खचित बोचेल.

द्राक्षमळे

निफाड तालुका म्हणजे कांदा आणि द्राक्षें. लासलगांवची कांद्याची पेठ देशभर प्रसिद्ध आहे. पिंपळगांव बसवंत, ओझर, उगांव, निफाड या बाजूस रस्त्याच्या दोहों अंगांस द्राक्षांचे मांडव लागतात. या जिल्ह्यांतील व्यापारी द्राक्षशेतीचा आरंभ १९२५ सालीं ओझर येथें रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांच्या प्रयत्नानें झाला असें नमूद आहे. भोकरी, अनाब-ए-शाही या जुन्या जाती मागें पडून थॉमसन सीडलेस व तिच्यापासून निवडलेल्या बिनबियांच्या जाती पुढें आल्या. त्यांतील ‘तास-ए-गणेश’ सांगली जिल्ह्यांतील आणि ‘सोनाका’ सोलापुराकडील. दोन्ही शेतकऱ्यांनींच आपल्या मळ्यांत निवडलेल्या. ही गोष्ट आपल्या वर्गास अभिमानाची आहे.

द्राक्षवेल मूळची थंड मुलुखाची. तेथें हिंवाळ्यांत पानें झडून ती निजते आणि वसंतांत एकदां छाटली जाते. आपल्याकडे ती निजत नाहीं, म्हणून आपल्या बागाइतदारांनीं दोन छाटण्यांची पद्धति बसविली. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करावयाची. तिच्या नंतर येणाऱ्या काडींत, उन्हाच्या बळावर, पुढील घडाचें बीज डोळ्यांत तयार होतें. ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी करावयाची. तिच्या नंतर घड बाहेर पडतो आणि साधारण चार महिन्यांनीं खुड्यास येतो. अशा रीतीनें वेलीस दोनदां कापून पीक एकच घ्यावयाचें असतें. पाहुण्यानें मळ्यांत गेल्यावर ओलांड्यावर काड्या किती राखल्या, एका काडीवर घड किती ठेविले आणि विरळणी कशी केली, हें विचारावें. उत्तम बागाइतदार वेलीवर काय ठेवावें यापेक्षां काय काढून टाकावें याचाच अधिक विचार करितो, असें आढळून येईल.

मुळाकडेही पाहावें. खारवट पाणी व चुनखडीची जमीन यांस तोंड देण्यासाठीं बहुतेक नव्या बागा ‘डॉगरिज’ नांवाच्या जंगली खुंटावर कलम करून उभ्या केल्या आहेत. वेलीस हवेशीर, निचऱ्याची जमीन मानवते. म्हणून नदीकांठचा भारी गाळ हा सर्वत्र उपकारकच असतो, ही समजूत द्राक्षापुरती खोटी ठरते. चिकण गाळाचा जाड थर बसला तर मुळांस हवा मिळत नाहीं. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ पासून राज्यांत चालू झाली आणि मुरमाड, हलक्या जमिनीस तलावांतील गाळ टाकल्यानें लाभ झाला आहे. पण ज्याच्या शेतास निचरा नाहीं त्यानें माती तपासून पाहिल्यावांचून गाडी भरूं नये.

या धंद्यांतील जोखीम फार मोठी आहे, तीही पाहुण्यानें समजून घ्यावी. २०१९ सालीं ऑगस्टांत पूर आला आणि त्याच सालीं ऑक्टोबर-नोव्हेंबरांत अवकाळी पावसानें गोडी छाटणीच्या बागांस गांठलें. डाऊनीनें व घडकुजीनें अनेकांचे हंगाम गेले. पुढें डिसेंबर-जानेवारींत निफाडची थंडी प्रसिद्धच आहे. येथील कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर नोंदलें जाणारें किमान तपमान राज्यांतील नीचांकांत असतें. जो गारठा गव्हास मानवतो तोच द्राक्षमण्यास तडे पाडतो. म्हणून बागाइतदार पहांटे बागेंत शेकोट्या पेटवितात व ठिबकाचें पाणी सोडतात. परदेशच्या बाजारपेठेची जोखीम निराळी. २०१० सालीं क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचा अंश आढळल्यामुळें युरोपांत आपल्या द्राक्षांची अडवणूक झाली आणि मोठा तोटा सोसावा लागला. तेव्हांपासून फवारणीची वही ही सात-बाऱ्याइतकीच महत्त्वाची झाली आहे.

मद्याच्या द्राक्षांचा प्रकार वेगळा. त्यांचा मणी लहान, साल जाड, आंत बी. २००१ सालीं राज्यानें द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर केल्यावर विंचूर येथें अशा कारखान्यांसाठीं खास क्षेत्र काढण्यांत आलें आणि अनेक शेतकऱ्यांनीं त्या जातींची लागवड केली. २००८ नंतर मागणी घटली तेव्हां माल कोणी उचलीना, आणि कित्येकांस उभ्या बागा उपटाव्या लागल्या. खाण्याचीं द्राक्षें बाजारांत कोणीही घेतो. मद्याचीं द्राक्षें कारखान्यावांचून कोणी घेत नाहीं. ज्या पिकास एकच गिऱ्हाईक आहे तें पीक लेखी करारावांचून लावूं नये, हा त्यांतील बोध. आज हे कारखाने पाहावयास शहरांतून पुष्कळ मंडळी येतात. आपण गेलों तर पिंपें व चषक पाहून न थांबतां करारनाम्याच्या अटी काय असतात हें विचारावें.

जाणारांस सूचना

नोव्हेंबरापासून फेब्रुवारीपर्यंत जावें. फेब्रुवारींत गेल्यास पांखरेंही असतात आणि मळ्यांत घडही पिकत असतात. सूर्योदयापूर्वीं खानगांव थडीस पोंचावें, पांखरें पाहावीं. नंतर बंधारा व कालव्याचीं तोंडें पाहून मध्यमेश्वराचें दर्शन घ्यावें. दुपारीं निफाड बाजूचे मळे व परततांना चांदोरी-सायखेडें. सिन्नरच्या गोंदेश्वरासाठीं दुसरा दिवस ठेवावा. अभयारण्यांत मोठ्यानें बोलूं नये व पांखरांस उठवूं नये. बंधाऱ्याच्या दारांजवळ पाण्यांत उतरूं नये. मळ्यांत मालकाच्या परवानगीवांचून पाऊल टाकूं नये. पायतणाबरोबर रोग जातो, आणि वेलीवरचा घड फवारलेला असूं शकतो, म्हणून मालकानें दिल्यावांचून मणी तोंडांत घालूं नये. संस्थेच्या सभासदांनीं दहा-वीस जणांचा गट करून आधीं कळविल्यास तेथील बागाइतदार आनंदानें माहिती देतात.

तात्पर्य

नांदुरमध्यमेश्वरीं जें पाहिलें त्याचा हिशेब असा. शंभर वर्षांपूर्वीं पाण्यासाठीं भिंत बांधली. तिच्यामागें पाण्याबरोबर माती आली. त्या मातीनें पांखरांस घर दिलें, कालव्याचा सांठा घटविला, वरच्या गांवांस पुराची भीति लाविली. ही माती कोणा परक्याची नव्हती. त्र्यंबक, दिंडोरी, इगतपुरी, नाशिक, निफाड येथील शेतांचा तो वरचा थर होता. शेतजमिनीचा सर्वांत मोलाचा भाग तोच. वाहून आलेल्या गाळावर भांडण चालूं आहे, पण ती माती निघाली तेव्हां तिच्याकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं.

उपाय आपल्या हातांतले आहेत आणि ते जुनेच आहेत. उतारास आडवी नांगरट व पेरणी, बांधाची दरवर्षीं डागडुजी, सांडीस दगडी पिचिंग, ओढ्याकांठीं गवताचा व झाडांचा पट्टा, आणि बागेंत ओळींमधील जमीन उघडी न ठेवतां छाटणीच्या काड्यांचें किंवा चोयट्यांचें आच्छादन, एवढें प्रत्येक खातेदारानें आपल्या गटापुरतें केलें तरी नदीचें पाणी पुष्कळ निवळ होईल. एकट्याच्या बांधानें गोदावरी निवळणार नाहीं हें खरें. पण ती गढूळ झाली तीही एकट्याच्या शेतानें नव्हे. येत्या मृगापूर्वीं प्रत्येक सभासदानें पहिल्या मोठ्या पावसांत आपल्या शेताच्या सांडीवर जाऊन उभें राहण्याचा नेम करावा आणि तेथून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा रंग पाहावा. तो रंग काळा किंवा तांबडा असेल तर त्या पाण्याबरोबर आपली जमीनच बाहेर चालली आहे असें समजावें, आणि पाऊस उघडतांच बांधाच्या कामास लागावें.